ट्रेलरमधला गॅस डिटेक्टर, हिंगाचा डबा आणि रात्रीचे दीड

मुक्कामपोस्ट

मंडळी, हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात हसं माझंच आहे. बायको म्हणाली, लिही, निदान चार शिव्या तरी खाशील.

ऑक्टोबरात आम्ही न्यू जर्सीहून व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कला गेलो होतो. मी, बायको, लेक आणि पुण्याहून आलेली आई. पिकअपच्या मागे २१ फुटी राहायचा ट्रेलर, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला. मुक्काम बिग मेडोजच्या कॅम्पग्राउंडवर. तिथे विजेची जोडणी नाही. रात्री जे चालायचं ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि पुढच्या दांड्यावर बसवलेल्या २० पाउंडी दोन सिलिंडरांवर. शेगडी, फ्रिज, पाण्याचा हीटर, आतली हवा गरम करणारा फर्नेस, सगळं प्रोपेनवर.

पोचेपर्यंत अंधार पडला होता. आईने आल्या आल्या कुकर लावला, वरणाला फोडणी दिली. जेवणं झाली. पथाऱ्या पसरताना ती म्हणाली, "गॅसचा वास येतोय का रे?" मी दोनदा नाक ओढलं आणि निदान केलं, "हिंगाचा डबा उघडा राहिलाय." डबा खरंच उघडा होता! तिने झाकण लावलं. आई पुण्यात रोज रात्री रेग्युलेटर बंद करून झोपणारी. इथेही म्हणाली, "बाहेरचा कॉक तरी बंद कर." म्हटलं, अगं फर्नेस त्याच्यावरच आहे, कुडकुडशील.

रात्री दीडला डिटेक्टर कोकलायला लागला. हा डबा ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलेला असतो. मला वाटलं फर्नेसच्या पंख्याने बॅटरी खाल्ली, व्होल्टेज उतरलं म्हणून बोंबलतोय. वाकून बटण दाबलं, गप्प केला, पुन्हा पांघरुणात. काही मिनिटांत परत सुरू. मग मी पहिलं काम काय केलं असेल तर दिवा लावला. बायकोने छतातला पंखा सुरू केला. आई तोवर लेकीला गोधडीत गुंडाळून दारात उभी होती आणि ओरडली, "दिवे कसले लावताय, आधी बाहेर व्हा!"

अनवाणी पुढे जाऊन एक सिलिंडर बंद केला. अलार्म थांबेना. तिथे उभा असताना आठवलं, की आपला रेग्युलेटर आपोआप बदलणारा आहे. एक टाकी संपली की दुसरीवर जातो, म्हणून दोन्ही कॉक कायम उघडे. एक बंद केला म्हणजे आपण फक्त टाकी बदलून दिली. दुसरा बंद केला, दार सताड उघडं ठेवलं आणि पाऊण तास चौघं गोधड्या पांघरून पिकअपमध्ये बसलो.

सकाळी उजेडात डिटेक्टर काढून मागे पाहिलं तर उत्पादनाची तारीख २०१४ सालची. दुसऱ्या दिवशी गावातून मेकॅनिक बोलावला. त्याने शेगडी उचलली, मागच्या जोडावर साबणाचं पाणी मारलं आणि फुगे आले. हरभऱ्याएवढे, एकामागून एक, सावकाश. फ्लेअर नट, म्हणजे नळीचं पसरट तोंड जोडावर दाबून धरणारा नट, ढिला झाला होता. आदल्या महिन्यात पेनसिल्व्हेनियात पाच मैल खडबडीत रस्त्याने ट्रेलर खडखडत नेला होता, तेव्हाच हललं असणार.

आता प्रश्न. नवा डिटेक्टर आणलाय, त्याची जागा तीच ठेवू का? आणि गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर ठेवावा का? घरात यावरून दोन पक्ष पडलेत.

गुळपोळी

बापरे. सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी ह्यूस्टनला रिफायनरीत सेफ्टीचं काम करतो, त्यामुळे थोडी आकडेमोड करतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाकडे सरका.

प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड. गळला की पाण्यासारखा खाली बसतो, पलंगाखाली, कपाटाच्या तळाशी, ट्रेलरच्या फरशीवर पसरतो. म्हणून डिटेक्टर खाली असतो आणि तो खालीच हवा. छतातल्या पंख्याने खालचा थर लवकर हलत नाही, उलट त्याच्या मोटारीची ठिणगी मिळण्याची सोय होते. वहिनींना दोष देत नाही, वास आला की पंखा लावायचा हे सगळ्यांच्याच हाताला लागलेलं असतं.

हवेत प्रोपेनचं प्रमाण साधारण २.१ टक्के झालं की तो पेटू शकतो, ९.५ टक्क्यांच्या वर गेला की पेटायला हवाच पुरत नाही. डिटेक्टर या खालच्या मर्यादेच्या पाव भागाला किंवा त्याआधीच वाजायला हवा, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तुमच्या ट्रेलरमध्ये कपाटं वगळून समजा २५ घनमीटर हवा आहे. सगळीकडे सारखा मिसळला तर २.१ टक्क्यांना अर्धा घनमीटर गॅस लागेल, वजनात जेमतेम एक किलो. तुमच्या एका सिलिंडरमध्ये नऊ किलो असतो. आणि सारखा मिसळत नाही हीच खरी गोम आहे. वर, तुमच्या नाकाशी काहीच नाही, पण खाली घोट्यापर्यंत पेटण्याजोगा थर, असं होऊ शकतं. फर्नेसची ठिणगी कुठे पडते बघा, बहुतेक ट्रेलरमध्ये फर्नेस खालीच असतो.

आता आईंबद्दल. अमेरिकेतला नियम असा, की खालच्या मर्यादेच्या एक पंचमांश गॅस असतानाच माणसाच्या नाकाला वास कळला पाहिजे. त्यासाठी त्यात एथिल मरकॅप्टन घालतात. म्हणजे चांगलं नाक यंत्राच्या आधी वाजतं. तुमच्याकडे तेच झालं, फक्त तुम्ही ते नाक हिंगाच्या डब्याकडे वळवलंत. गंमत म्हणजे हिंगाचा वासही गंधकाच्या संयुगांचाच, त्यामुळे गोंधळ होणं अगदी शास्त्रोक्त आहे.

चहाटळ

"शास्त्रोक्त गोंधळ" हे आवडलं. आमच्याकडे हिंगाचा डबा झिपलॉकच्या दोन पिशव्यांत फ्रिजमध्ये असतो, कारण एकदा शेजारच्या आरव्हीवाल्याने (आरव्ही म्हणजे राहायची गाडी) दार वाजवून "तुमचा गॅस गळतोय" म्हणून सांगितलं होतं.

मुक्कामपोस्ट, आम्ही कॅलिफोर्नियात आठ वर्षं ट्रेलर बाळगतोय, त्यातून शिकलेलं सांगते. डिटेक्टरचा सेन्सर म्हातारा होतो. बहुतेकांचं आयुष्य पाच ते सात वर्षं, नव्या काहींचं दहा, मागे छापलेलं असतं. वय संपलं की तो वेगळ्या लयीत टिक टिक करतो आणि आपण बॅटरी बदलत बसतो. त्याला वेगळी बॅटरी बहुधा नसतेच, तो ट्रेलरच्या १२ व्होल्टवर चालतो. तुमचा २०१४ चा डबा वाजला ही त्याची मेहेरबानी.

खोटे अलार्मही होतात, हे मान्य. आतमध्ये धातूच्या ऑक्साइडचा तापलेला कण असतो, त्याला प्रोपेन आणि हेअरस्प्रे यातला फरक कळत नाही. डिओ, फरशी पुसायचं द्रावण, सॅनिटायझर, नव्या गालिच्याचा गोंद, या सगळ्यावर माझा वाजलाय. जुनी शिशाची बॅटरी जास्त चार्ज होऊन हायड्रोजन सोडते, तेव्हाही. आमचा कुत्रा डिटेक्टरला पाठ टेकून झोपतो आणि नवऱ्याचा त्याच्यावर संशय आहे, पण पुरावा मिळालेला नाही.

म्हणूनच गडबड होते. दहातले नऊ वेळा हेअरस्प्रे निघाला की दहाव्या वेळी आपण उठत नाही. आमचा नियम साधा: वाजला की आधी माणसं बाहेर, मग टाक्या बंद, मग शोध. हेअरस्प्रे निघाला तर बाहेर उभं राहून हसायचं.

घाटवाट

उगाच घाबरवताय लोकांना. अकरा वर्षं ट्रेलर ओढतोय, फ्रिज कायम गॅसवर, गाडी चालू असतानाही. काही झालं नाही. सिलिंडरच्या तोंडाला जो हाताने आवळायचा प्लॅस्टिकचा नट असतो ना, त्यातच सोय आहे. नळी तुटून गॅस भसाभसा सुटला तर प्रवाह आवळला जातो, आग लागली तर प्लॅस्टिक वितळून गॅस बंद होतो. इंजिनियरांनी विचार केलेला असतो राव.

गुळपोळी

घाटवाट, ती सोय खरी आहे आणि उत्तम आहे. पण ती भसाभसा सुटलेल्या गॅससाठी. हरभऱ्याएवढ्या फुग्याला ती ओळखतही नाही, तिच्या लेखी कोणीतरी चहा ठेवलाय. मुक्कामपोस्टच्या ट्रेलरमध्ये तो नट जागेवर होता, रेग्युलेटर ठीक होता, तरी रात्र तशी गेलीच.

(एक उपयोगी गोष्ट: कॉक झटकन उघडला की याच सोयीला वाटतं नळी तुटली, आणि ती प्रवाह आवळते. शेगडी मिणमिणते, लोक रेग्युलेटर बदलतात. कॉक बंद करा, थोडं थांबा, सावकाश उघडा.)

चहाटळ

फ्रिजच्या वादात माझं मत: गाडी चालताना बंद. भरलेला फ्रिज चार-पाच तास सहज गार राहतो. आणि पेट्रोल पंपावर तर शंभर टक्के बंद, कारण फ्रिजच्या मागे खरोखरची ज्योत जळत असते आणि तुम्ही तिच्यापासून चार हातांवर पेट्रोल भरत असता. घाटवाट, अकरा वर्षांत पंपावर प्रत्येक वेळी आठवणीने विझवलात का? खरं सांगा.

घाटवाट

प्रत्येक वेळी नाही. बरं, तो मुद्दा दिला तुम्हाला.

साठीपार

मुक्कामपोस्ट, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आमच्या पिढीला सिलिंडर म्हणजे घरात बांधलेला बैल, रात्री दावं तपासल्याशिवाय झोप येत नाही. लेकाकडे न्यू जर्सीलाच असते मी वर्षातले काही महिने. मुलं हसतात. पण एक विचारते, त्या साबणाच्या पाण्यात काही विशेष असतं का? आपण तिकडे भांड्याचाच साबण फेसाळून लावतो वॉशरला.

गुळपोळी

काकू, भांड्याचा साबण चालतो, फक्त त्यात अमोनिया किंवा क्लोरीन नको. जोड पितळी असतात, अमोनियाने पितळेला बारीक तडे जातात. आज गळती शोधायची आणि पुढच्या वर्षीची पेरून ठेवायची, असं होतं. आणि काडी लावून बघणारे अजूनही भेटतात, त्यांच्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

मुक्कामपोस्ट

काकू, आईला वाचून दाखवलं. "बैल" ऐकून खूश झाली.

मेकॅनिकने अजून एक केलं ते लिहायचं राहिलं. नट आवळल्यावर दाब मोजायचा मॅनोमीटर लावला, टाकी बंद केली आणि काही मिनिटं दाब उतरतो का ते बघत बसला. रेग्युलेटरच्या पुढे दाब किती नगण्य असतो हे तेव्हा कळलं: पाण्याच्या स्तंभाचे ११ इंच, म्हणजे टायरमधल्या हवेच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा. काटा हलला नाही. मी विचारलं, टेफ्लॉन टेप का नाही लावली? तर म्हणाला, फ्लेअरच्या जोडाला टेप लावायची नसते, तिथे धातू धातूवर बसतो, टेपमुळे उलट नीट बसत नाही. आणि आवळताना दोन पाने (स्पॅनर) लावायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर मागची तांब्याची नळी पिळते. आधीच्या मालकाने, अर्थातच, टेप लावली होती.

निळीछत्री

मी नुसती वाचनमात्र असते, पण आज विचारते. आम्ही जुलैत भाड्याची आरव्ही घेऊन यलोस्टोनला जाणार आहोत. सोबत सासू-सासरे. सासऱ्यांना कोविडनंतर वास नीट येत नाही. ताब्यात घेताना काय काय बघायचं? मला यातलं ओ की ठो कळत नाही.

चहाटळ

ओ पासून सुरू करू. डिटेक्टर कुठे आहे ते दाखवायला सांगा, हिरवा दिवा बघा, तुमच्या समोर चाचणीचं बटण दाबायला लावा, मागची किंवा बाजूची तारीख वाचा. टाकीचा कॉक कुठे आहे ते पाहा आणि एकदा स्वतःच्या हाताने बंद करून उघडा, कारण रात्री अंधारात तो पहिल्यांदा शोधायचा नसतो. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही वाजवून घ्या. आग विझवायचं नळकांडं दाराजवळ असतं, त्याचा काटा हिरव्यात हवा.

शेगडीचे नॉब बघा. उभे राहून पोळ्या लाटताना पोटाने नॉब फिरतो, मी फिरवलाय. गॅस सुटतो, ज्योत नाही. गाडी हलवताना झाकण खाली.

आणि थंडीत खोली गरम करायला शेगडी पेटवून ठेवायची नाही. यलोस्टोनला जुलैतही रात्री कडाक्याची थंडी असते, कुणीतरी सुचवेलच. छोट्या जागेत त्याने कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला हिंगासारखा वासही नसतो.

गुळपोळी

सासऱ्यांबद्दल: ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी यंत्र हेच नाक. पण तुमचं नाकही गृहीत धरू नका. सतत वास आला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडतं, मग वास "गेला" असं वाटतं. झोपेत तर नाक जवळजवळ रजेवरच असतं. शिवाय नव्या कोऱ्या किंवा आतून गंजलेल्या टाकीत मरकॅप्टन हळूहळू नाहीसा होऊन वास फिका पडतो, हेही घडतं.

वास घालायची सक्ती मुळात आली ती आमच्याच टेक्सासातून. १८ मार्च १९३७ ला न्यू लंडन गावच्या शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू साठला. बिनवासाचा, कुणाला पत्ता नाही. ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. मी त्या गावातून गेलोय. रस्त्याच्या मधोमध उंच ग्रॅनाइटचं स्मारक आहे. गाडी थांबवली होती, पण बराच वेळ खाली उतरलो नाही.

पत्र्याचीपेटी

पुण्याहून. मी जुन्या ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करतोय. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून डोक्यात होतं, आता पत्रा कापायला घेतलाय. ५ किलोचा छोटू सिलिंडर आत ओट्याखाली ठेवायचा विचार होता. ऑनलाइन एक डिटेक्टरही मागवला, त्याच्या कागदावर "छताजवळ बसवा" असं लिहिलंय. आणि हा धागा वाचून पोटात गोळा आलाय.

गुळपोळी

गोळा योग्य वेळी आलाय. तो डिटेक्टर पाइपलाइनच्या गॅससाठी दिसतोय. पाइपलाइनमधला मिथेन हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून छताजवळ. तुमच्या सिलिंडरमधला गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, अमेरिकेतल्या प्रोपेनपेक्षाही जड. सिलिंडरवाल्या गॅससाठीच बनलेला डिटेक्टर घ्या, तो जमिनीजवळ लावा.

सिलिंडर माणसांच्या हवेत ठेवूच नका. त्याला वेगळी पेटी करा, आतल्या बाजूने पूर्ण बंद, उघडायचं दार बाहेरून, आणि तळाला गाडीखाली उघडणारं भोक. गळला तर रस्त्यावर सांडू दे. ते भोक एक्झॉस्टच्या जवळ नको.

पत्र्याचीपेटी

पेटीचं आत्ताच वेल्डरला सांगितलं. स्पितीला जायचा बेत आहे, तिथे गॅस चालतो ना?

गुळपोळी

ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो, म्हणून थंडीत अर्धा सिलिंडर असूनही ज्योत मरते. तेव्हा सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, हीटरसमोर धरणं, असले प्रयोग नकोत.

साठीपार

पत्र्याचीपेटी, सिलिंडर घेताना गळ्याच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल बघत जा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढे तसंच डीपर्यंत. ती तारीख उलटलेला घ्यायचा नाही. आणि वास आला तर १९०६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेव. गाडीला भिंत नसेल तर पत्र्यावर.

घाटवाट

इथल्यांनाही तारीख असते हो. २० पाउंडीवर बनवल्याचा महिना-साल ठोकलेलं असतं, बारा वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावा लागतो, नाहीतर भरून देत नाहीत. आणि कॉकची मूठ तिकोनी हवी, ती जास्त न भरण्याची सोय असल्याची खूण.

मुक्कामपोस्ट, तुम्ही न्यू जर्सीहून बाल्टिमोरमार्गे गेलात का? तिथल्या दोन्ही बोगद्यांत दहा पाउंडांहून मोठ्या प्रोपेनच्या टाक्यांना मनाई आहे. पूर्वी तिथल्या की ब्रिज नावाच्या पुलावरून जाता यायचं. २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून तो पडला, तेव्हापासून ६९५ हायवेने पश्चिमेकडून वळसा.

मुक्कामपोस्ट

हे मला माहीतच नव्हतं. बोगद्यातूनच गेलो. दोन्ही कॉक उघडे, फ्रिज गॅसवर. आता लिहितोच आहे तर सगळंच लिहितो.

घाटवाट

मी घाबरवू नका म्हटलं होतं ते मागे घेतो. पुढच्या वेळी ७८ हायवे धरा आणि हॅरिसबर्गवरून ८१ ला लागा, बाल्टिमोर लागतच नाही. आणि बिग मेडोजला उत्तरेकडून जाताना मेरीज रॉकचा बोगदा लागतो, त्याला गॅसची नाही पण उंचीची अडचण आहे, १२ फूट ८ इंच. ट्रेलरवरचा एसी धरून मोजा.

मुक्कामपोस्ट

सर्वांचे आभार. नवा डिटेक्टर त्याच जागी बसवला. लेकीने वर मार्करने बदलायचं साल लिहिलंय. फ्रिजच्या वादात बायको जिंकली. आई परत गेली, जाताना हिंगाचा डबा ट्रेलरमधून काढून स्वतःच्या बॅगेत भरून घेऊन गेली.

निळीछत्री

धागा वर काढतेय. काल यलोस्टोनहून परतलो, छान झाली सहल, बायसन दारात आला होता.

आरव्ही ताब्यात घेताना चहाटळताईंनी सांगितल्याप्रमाणे म्हटलं, डिटेक्टर वाजवून दाखवा. देणाऱ्या पोराने बटण दाबलं. शांत. पुन्हा दाबलं. हिरवा दिवाही नव्हता. तो म्हणाला, "कधी कधी लागतो, कधी नाही." सासरे म्हणाले, लागेपर्यंत आम्ही इथेच बसतो, आणि खरंच खुर्ची उघडून बसले. मग त्याने फ्यूजची पेटी उघडली तर त्या जागचा फ्यूजच नव्हता.

मुक्कामपोस्ट

काय सांगता. मग सापडला का?

निळीछत्री

हो. आधीच्या कुणाच्या तरी झोपेची सोय केलेली होती. चमच्यांच्या खणात, काट्यांच्या खाली, टिश्यूमध्ये गुंडाळून ठेवला होता.